एसएसडी लावली, आता गेम पळेल का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) वर रेट्रोपाय (जुन्या गेम मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तो टीव्हीला कसा जोडायचा ते सांगितलं होतं. त्यावर आलेले बहुतेक मेल एकाच गोष्टीवर आहेत, मेमरी कार्ड काढून एसएसडीवरून (चिपवाल्या ड्राइव्हवरून) बूट, म्हणजे चालू, करायचं कसं. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय. प्रिंटरवाले काका आणि वायफाय रिपीटरवाल्या ताई, तुमचं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : दादा, माझ्याकडे पाय ४ आहे, ४ जीबीवाला. आमच्याकडे लाइट सारखी जाते आणि कार्ड करप्ट होतं, मग परत इमेज (सगळी सिस्टम असलेली तयार फाइल) टाका, परत गेम कॉपी करा, वैताग आलाय. जुन्या लॅपटॉपमधली १२० जीबीची एसएसडी घरात पडून आहे. ती लावली तर डायरेक्ट बूट होईल का, का कार्ड ठेवावंच लागेल? (एक वाचक, सातारा)

होईल, आणि कार्डाचा स्लॉट रिकामा ठेवून होईल. पाय ४ जून २०१९ मधे आला तेव्हा हे जमत नव्हतं, यूएसबीवरून बूट करायची सोय बूटलोडरच्या (पॉवर दिल्यावर आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) स्टेबल व्हर्जनमधे सप्टेंबर २०२० ला आली, त्यामुळे त्याआधीचे यूट्यूब व्हिडिओ बघाल तर त्यात अर्धं कार्डावर आणि अर्धं एसएसडीवर असला द्राविडी प्राणायाम दिसेल, त्याच्या नादी लागू नका. पाय ४ चा बूटलोडर कार्डावर नसतोच, बोर्डावर एक छोटी ईईप्रॉम चिप असते तिच्यात असतो, तेवढी चिप अपडेट झाली की पुढचं सरळ आहे.

चिप अपडेट करायला कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर (इमेज कार्डावर लिहायचं सॉफ्टवेअर) घ्या, त्यात मिसलेनियस युटिलिटी इमेजेसमधे बूटलोडर आणि त्याखाली यूएसबी बूट असा पर्याय सापडेल, तो कुठल्याही जुन्या कार्डावर लिहा, कार्ड पायमधे घालून पॉवर द्या. हिरवा दिवा भराभर एकसारखा लुकलुकायला लागला आणि टीव्हीचा स्क्रीन हिरवागार झाला की काम झालं, कार्ड काढून टाका. चालू रेट्रोपायमधूनही हे होतं, रास्पी-कॉन्फिग नावाच्या सेटिंगच्या मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधे बूट ऑर्डर म्हणून आहे. तिथे एफ४१ असा कोड कुठे दिसला तर तो उजवीकडून वाचायचा : १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे परत पहिल्यापासून. म्हणजे कार्ड पहिल्या नंबरवर असलं तरी बिघडत नाही, स्लॉट रिकामा दिसला की तो आपला आपण यूएसबीकडे वळतो.

मग एसएसडी साटा-टू-यूएसबी केबलने (साटा म्हणजे एसएसडीचं कनेक्टर) कॉम्प्युटरला लावा आणि रेट्रोपायची ४.८ ची इमेज (मार्च २०२२ ची) थेट तिच्यावर लिहा, अगदी कार्डावर लिहिता तशीच. पहिल्यांदा बूट होताना ती सगळी जागा स्वतःच पसरून घेते. जुन्या कार्डावरून आणायचं काय? होम फोल्डरमधलं अख्खं रेट्रोपाय फोल्डर, त्यात गेम आणि बायोस (मूळ गेम मशीनच्या आतलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) दोन्ही येतं आणि सेव्ह फाइल्स डिफॉल्टने गेमच्या शेजारीच असतात त्यामुळे त्याही येतात, आणि कंट्रोलरचं सेटिंग वगैरे हवं असेल तर ऑप्टमधल्या रेट्रोपाय फोल्डरातलं कॉन्फिग्ज.

क्लोन, म्हणजे कार्डाची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर, करायचा मोह होईल. कार्ड तब्येतीत असेल तर करा, पण क्लोन झाल्यावर दोन्हीचा पार्टिशन आयडी (ड्राइव्हच्या भागाचा ओळख नंबर) एकच राहू शकतो आणि कार्ड आणि एसएसडी दोन्ही लावून चालू केलं तर सिस्टम कुठून उठली तेच कळत नाही, तुम्ही एसएसडीवर म्हणून गेम टाकता आणि ते जातात कार्डावर. म्हणून क्लोननंतर कार्ड बाहेर. आणि तुमचं कार्ड तर करप्ट होणारं आहे, त्याचा क्लोन म्हणजे आतली घाण पण सोबत नेणं, त्यापेक्षा नवीन इमेजच बरी.

आता लाइटीचं. एसएसडी लावली म्हणून धाडकन लाइट गेली तर काहीच होणार नाही असं नाही हं. लिहिता लिहिता पॉवर गेली तर फाइल सिस्टम कुठल्याही ड्राइव्हवर बिघडू शकते. पण स्वस्त कार्डात आतला कंट्रोलर अगदीच साधा असतो, एका छोट्या फाइलसाठी तो आत भलामोठा ब्लॉक इकडचा तिकडे करत बसतो आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर जिचा संबंधही नाही अशी फाइल उडते. एसएसडीत हे बरंच कमी होतं. दुसरं, इम्युलेशनस्टेशन, म्हणजे रेट्रोपायचा गेम निवडायचा मेन्यू, बाहेर पडताना तुम्ही कुठला गेम किती वेळा खेळलात वगैरे फाइलमधे लिहितं, त्यामुळे स्विच खटकन बंद करायची सवय असेल तर ती सोडा, स्टार्ट दाबून क्विटमधे शटडाउन सिस्टम करा. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, त्यातला ५ व्होल्ट ३ अँपिअर खरोखर देणारा मिळाला तर तुमचा प्रश्न एसएसडीपेक्षा त्यानेच जास्त सुटेल.

प्रश्न : एसएसडी टाकली की प्लेस्टेशन १ आणि पीएसपीचे गेम फास्ट होतील ना? निन्टेन्डो ६४ चे काही गेम माझ्या पायवर अडकत अडकत चालतात. कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून घरच्यांना सांगून पैसे घ्यायचेत, म्हणून आधी विचारतोय. (विद्यार्थी, कोल्हापूर)

प्रोजेक्टचं मी वाचलंच नाही असं समज. गेम फास्ट होणार नाहीत, एक फ्रेमसुद्धा जास्त मिळणार नाही.

का ते बघ. निन्टेन्डोच्या ८ बिट कॅसेटमधला पहिला सुपर मारिओ ब्रदर्स म्हणजे ४० केबीची फाइल आहे. सुपर निन्टेन्डोचे मोठ्यात मोठे गेम ६ एमबीचे, निन्टेन्डो ६४ चे ६४ एमबीचे. हे सगळं गेम सुरू करताना एकदा रॅममधे जातं आणि मग ड्राइव्हचं काही काम उरत नाही. तुझा निन्टेन्डो ६४ अडकतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कमी पडतात म्हणून, शिवाय त्या मशीनचं इम्युलेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली नक्कल, मुळातच किचकट आहे. वेगळा इम्युलेटर किंवा व्हिडिओ प्लगइन निवडून बघ, रिझोल्युशन ३२० बाय २४० वर आण, फरक पडला तर त्याने पडेल आणि त्याला पैसे लागत नाहीत.

प्लेस्टेशन १ ची तर गंमतच आहे. त्याचा सीडी ड्राइव्ह डबल स्पीडचा, म्हणजे सेकंदाला साधारण ३०० केबी. इम्युलेटर त्या ड्राइव्हचीही नक्कल करतो, हेड कुठे आहे, सरकायला किती वेळ लागेल, डेटा कधी आला असं दाखवायचं, सगळं. कारण गेम लिहिणाऱ्यांनी तो वेळ गृहीत धरूनच गेम लिहिलेत. त्यामुळे मागे ३०० एमबी सेकंदाची एसएसडी असो की साधं कार्ड, तो लोडिंगचा स्क्रीन तेवढाच वेळ दिसणार. गच्चीवर टाकी केवढीही बसवा, नळाला धार तोटीएवढीच. काही इम्युलेटरमधे सीडीचा स्पीड वाढवायचं सेटिंग असतं, ते वापरून लोडिंग कमी होतं पण काही गेम त्याने मधेच हँग होतात किंवा कटसीनमधला आवाज पुढेमागे होतो. आणि ते सेटिंग कार्डावरही चालतं, त्यासाठी एसएसडी लागत नाही.

मग फरक कुठे पडतो? चालू केल्यापासून मेन्यू येईपर्यंत. मेन्यूत हजारभर गेम असतील, प्रत्येकाला बॉक्सचं चित्र आणि छोटा व्हिडिओ लावला असेल तर स्क्रोल करताना कार्डावर जी कासवगती होते ती जाते. चित्रं डाउनलोड करताना, म्हणजे स्क्रेपिंग करताना, हजारो छोट्या फाइल्स लिहिल्या जातात तिथे. ड्रीमकास्टचे एक एक जीबीचे किंवा पीएसपीचे दीड-पावणेदोन जीबीचे गेम कॉपी करताना. पाय ४ चा कार्ड स्लॉट कितीही भारी कार्ड घातलंस तरी सेकंदाला ५० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, निळ्या यूएसबी ३ पोर्टवर साधी साटा एसएसडी ३०० च्या वर जाते. तू वीस-पंचवीस गेम खेळणार असशील, चित्रंबित्रं नको असतील, तर ए१ किंवा ए२ लिहिलेलं बऱ्या कंपनीचं ३२ जीबी कार्ड घे आणि उरलेल्या पैशात चांगला कंट्रोलर घे. मनापासून सांगतोय.

प्रश्न : सगळं तुम्ही म्हणता तसं केलं, एसएसडी नवी, तिची केस (बाहेरची यूएसबीवाली पेटी) नवी, तरी कधी इंद्रधनुष्यासारखा रंगीत स्क्रीन येऊन अडकतं, कधी बूट होतं पण गेम चालू असताना अचानक फ्रीज. तीच एसएसडी लॅपटॉपला लावली की मस्त चालते. एसएसडी खराब म्हणावी का? (एक वाचक, नवी मुंबई)

नाही. लॅपटॉपला चालते म्हणजे एसएसडीला दोष देऊ नका, संशयित दोन आहेत, चार्जर आणि ती केस. आधी चार्जर, कारण तो तपासायला सोपा.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतो. तुम्ही म्हणाल माझा मोबाइलचा चार्जर ६७ वॉटचा आहे, पण ते ६७ वॉट तो जास्त व्होल्टवर देतो आणि तेही फोनशी बोलणी करून, पाय ४ असली बोलणी करत नाही त्यामुळे त्याला मिळतात साधे ५ व्होल्ट, तेही २ किंवा ३ अँपिअरपर्यंत, आणि केबल लांब-बारीक असेल तर वाटेत आणखी गळती. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. ती दिसत असेल तर बाकी काही शोधू नका, आधी चार्जर बदला. शिवाय पाय ४ चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतो, त्यात एसएसडी, दोन वायरवाले कंट्रोलर, एलईडीवाला कीबोर्ड असा गोतावळा असेल तर बिचारी एसएसडी उपाशी राहते. लोड आला की फ्रीज होणं याचं कारण फार वेळा हेच असतं. स्वतःची पॉवर असलेला यूएसबी हब लावला की सुटतं.

चार्जर चांगला असेल तर मग केस. केसमधे किंवा केबलच्या जाड टोकात एक ब्रिज चिप असते, साटाचं यूएसबी करणारी, बहुतेक जेमायक्रॉन किंवा एएसमीडियाची. यूएएसपी नावाचा फास्ट मोड आहे, काही चिप आणि त्यांचं फर्मवेअर त्या मोडमधे लिनक्सशी नीट वागत नाहीत, विंडोज लॅपटॉपवर कळतही नाही आणि पायवर मात्र अडकतं. उपाय म्हणजे तेवढ्या चिपसाठी यूएएसपी बंद करायचा. कार्डावरून बूट करून एसएसडी लावा, टर्मिनलमधे एलएसयूएसबी कमांड द्या, तुमच्या केसच्या ओळीत मधे कोलन असलेला चार-चार अक्षरांचा आयडी दिसेल, जेमायक्रॉनचा असेल तर १५२डी ने सुरू होतो. मग एसएसडीच्या बूट पार्टिशनमधली सीएमडीलाइन नावाची टेक्स्ट फाइल उघडा, अगदी सुरुवातीला यूएसबी-स्टोरेज, टिंब, क्वर्क्स, बरोबरचं चिन्ह, तो आयडी, परत कोलन आणि यू, एवढं सलग इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा आणि एक स्पेस सोडा. फाइलमधे सगळं एकाच ओळीत राहिलं पाहिजे, चुकून एंटर दाबलात तर बूटच होणार नाही. याने स्पीड थोडा उतरतो पण गेमिंगला तो जाणवत नाही.

कुठे अडकतंय त्यावरूनही कळतं बरं का. रंगीत स्क्रीन आला म्हणजे बूटलोडरला एसएसडी दिसली, त्यावरून फर्मवेअर वाचलं गेलं, गाडी पुढे कर्नलपाशी (सिस्टमच्या गाभ्यापाशी) अडलीय. अक्षरं पळून रूट डिव्हाइसची (सिस्टम ज्या ड्राइव्हवर आहे त्याची) वाट बघतोय अशा ओळीवर थांबलं तर यूएएसपी नाहीतर चुकीचा पार्टिशन आयडी. आणि काहीच आलं नाही, नुसती बूटलोडरची काळी माहितीवाली स्क्रीन, तर एसएसडी दिसलेलीच नाही, केबल किंवा पॉवर बघा.

प्रश्न : पाय ३ बी वर जमेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

जमेल. ३ बी प्लस असेल तर काही करावंच लागत नाही. साध्या ३ बी ला एकदा कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमधे प्रोग्राम यूएसबी बूट मोडची ओळ घालून बूट करावं लागतं, त्याने चिपमधला एक बिट कायमचा जळतो, परत मागे येत नाही पण त्याने नुकसानही काही नाही, कार्ड लावलं की कार्डावरून चालतंच. एसएसडी उठायला उशीर करत असेल तर टाइमआउटची पण तशीच ओळ आहे, त्याने २ सेकंदांऐवजी ५ सेकंद वाट बघतो. पण पाय ३ ला सगळे पोर्ट यूएसबी २ चे, सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर काही मिळत नाही. घरात पडलेली एसएसडी असेल तर लावा, विकत घेऊ नका.

प्रश्न : एसएसडी लावल्यापासून वायरलेस कंट्रोलर उशिरा रिस्पॉन्स देतो, मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो. मुलगा म्हणतो मम्मी तुला खेळता येत नाही. कार्डावर होते तेव्हा असं नव्हतं, शप्पथ. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, तुमचं बरोबर आहे, हे मुलाला वाचून दाखवा. यूएसबी ३ च्या केबल आणि पोर्टमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, इंटेलनेच २०१२ साली यावर पेपर काढला होता. ब्लूटूथ आणि कंट्रोलरबरोबर येणारे छोटे डोंगल त्याच पट्ट्यात चालतात. एसएसडीच्या शेजारच्या पोर्टमधे डोंगल खोचलंय ना? ते काळ्या यूएसबी २ पोर्टमधे घाला आणि शक्यतो हातभर एक्स्टेन्शन केबल लावून टीव्हीच्या पुढे आणा. एसएसडीची केबल आखूड आणि चांगली शील्ड असलेली घ्या, एसएसडी पायच्या डोक्यावर ठेवू नका. पायच्या आतलंच ब्लूटूथ वापरत असाल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका, तेवढीच गर्दी कमी. एवढं करूनही उशीर वाटला तर टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा, कारण बऱ्याच टीव्हीत सगळ्यात जास्त लॅग तिथेच असतो.

प्रश्न : पाय ५ घेतलाय, एनव्हीएमई (पट्टीसारखी फास्ट एसएसडी) लावायचीय. रेट्रोपायची इमेज सापडत नाही. (एक वाचक, पुणे)

रेट्रोपायच्या ४.८ मधे पाय ५ साठी तयार इमेज नाहीये, रास्पबेरी पाय ओएस लाइट टाकून त्यावर रेट्रोपायची सेटअप स्क्रिप्ट चालवावी लागते, तासभर जातो पण होतं. नको असेल तर बाटोसेरा किंवा रिकॅलबॉक्स ही तसलीच दुसरी सॉफ्टवेअर, त्यांच्या पाय ५ च्या वेगळ्या इमेज आहेत. एनव्हीएमईसाठी पीसीआयची पट्टी आणि एम.२ हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड) लागतं, कंपनीच्या हॅटमधे २२३० आणि २२४२ साइजच (म्हणजे ३० आणि ४२ मिमी लांब) बसते, लॅपटॉपमधली लांब २२८० बसत नाही, घेण्याआधी मोजा. बूट ऑर्डरमधे एनव्हीएमईचा आकडा ६. आणि यूएसबी एसएसडी लावणार असाल तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा चार्जर हवा, नाहीतर पाय ५ यूएसबीला एकूण ६०० मिलिअँपिअरच सोडतो आणि परत मलाच मेल येईल.

प्रश्न : ऑनलाइन ५०० जीबीची एसएसडी मिळतेय, आत ६०,००० गेम भरलेले, नुसती कॉम्प्युटरला लावायची की चालू. दुसऱ्या एकाची १६ टीबीची दीड हजारात आहे. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

१६ टीबीची दीड हजारात मिळत नाही हो. आत छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि फर्मवेअर खोटा आकडा सांगतं, जागा संपली की जुन्याच फाइल्सवर नवीन लिहिलं जातं आणि तुम्हाला कळतं महिन्याने. कुठलीही अनोळखी एसएसडी आली की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण भरून तपासा, मगच परतीची मुदत संपू द्या.

६०,००० गेमवाली बहुतेक वेळा बाटोसेराच असते, जे मुळात फुकट आहे, आणि वर भरलेले गेम पायरसीचे. कोणी विकतंय म्हणून ते कायदेशीर होत नाही. बायोस फाइल्सचंही तेच. शिवाय त्यातले निम्मे गेम जपानी किंवा डुप्लिकेट, यादी एवढी लांब की खेळण्यापेक्षा स्क्रोलच जास्त.

स्वतः करा, सोपं आहे. बाटोसेराची ६४ बिट पीसीची इमेज उतरवा, एसएसडीवर लिहा, कॉम्प्युटरच्या बायोसमधे (चालू होतानाच्या सेटिंगमधे) सिक्युअर बूट बंद करून यूएसबीवरून बूट करा, आतल्या हार्ड डिस्कवरच्या विंडोजला हात लागत नाही. फक्त इमेज लिहिताना ड्राइव्ह नीट बघून निवडा. गेमचं पार्टिशन लिनक्सचं असल्याने विंडोजला दिसणार नाही आणि विंडोज तुम्हाला 'फॉरमॅट करू का' विचारेल, नाही म्हणा. गेम टाकायचे नेटवर्कवरून, दोन्ही मशीन एकाच वायफायवर असली की बाटोसेरा नावाचं शेअर दिसतं.

प्रश्न : माझ्याकडे अस्सल फॅट, म्हणजे जाड बॉडीवाला, पीएस २ (प्लेस्टेशन २) आहे, नेटवर्क अ‍ॅडॅप्टरसकट. त्यात एसएसडी घातली तर? (एक वाचक, पणजी)

तुमचा हेवा वाटतो. घाला, पण वेगासाठी नको. अ‍ॅडॅप्टर मूळचा आयडीईचा (साटाच्या आधीच्या जुन्या हार्ड डिस्क कनेक्टरचा) आहे, त्याला साटा कनेक्टरचा बोर्ड बसवून मिळतो, मग फ्री एचडीबूट नावाच्या सॉफ्टवेअरने थेट ड्राइव्हवरून उठतं आणि ओपीएल नावाच्या लोडरमधून तुमच्याच डिस्कच्या केलेल्या कॉपी चालतात. बाजूची आयडीई लाइन आणि पीएस २ चा प्रोसेसरच एवढा हळू आहे की एसएसडी आणि साध्या हार्ड डिस्कमधे लोडिंगचा फरक फारसा कळत नाही. मिळतं काय, तर घरघर बंद, गरम कमी, आणि डीव्हीडीच्या लेझरला विश्रांती, जो या मशीनमधे सगळ्यात आधी मान टाकतो. उलट काही गेम डिस्कपेक्षा लवकर डेटा आला की गोंधळतात, त्यांच्यासाठी ओपीएलमधे मोड १ आहे, अ‍ॅक्युरेट रीड्स, तो मुद्दाम डीव्हीडीच्या चालीने वाचतो. एखादा गेम पांढऱ्या किंवा काळ्या स्क्रीनवर अडला तर आधी तोच लावून बघा.